नऊ खोत

घाटमाथा चहाच्या पावशेर पुड्यात
तेव्हा एक कार्ड निघायचं,
आष्ट्याच्या झुंजार मंडळाचा एकेक गडी.
छातीवर आकडा, मांडीला माती,
मागं उंची, वजन, जागा,
आणि त्याखाली मगदूम ट्रेडर्स: सरकी, पेंड, बारदान.
बाराच्या बारा जमले की
मगदूम स्टीलचा डबा देणार होता.

डब्याचं मला काही नव्हतं.
मला सात नंबर पाहिजे होता, अल्ताफ मुजावर.
पेट्रोमॅक्सच्या उजेडात तो दम घुमवत आत शिरायचा
आणि तिघं पायाला लोंबकळत असताना
मध्यरेषेवर बोट टेकवायचा.
एक बोट. नखाला चुना लागलेलं.
मी बायकांच्या दोरीमागून बघायचे
आणि त्याच्याबरोबर माझाही श्वास कोंडायचा.

वडील तीन कप प्यायचे, मी पाच करायला लागले.
आल्यागेल्याला हाताला धरून बसवायचे.
वसुलीवाल्यालासुद्धा.
पातेल्यात दोन चमचे जास्त, चहा कडू जहर.
आई म्हणायची, पुड्याला काय घूस लागलीय?

आणि पुडा फोडला की
खोत.
पुढच्या पुड्यात
खोत.
बारा नंबर. शीतल आण्णाप्पा खोत.
उंची पाच फूट नऊ. जागा: बदली.
कॅमेऱ्याकडं बघताना पापणी अर्धी मिटलेली.
त्याला मैदानात उतरलेलं मी कधी बघितलं नव्हतं,
तो बाकड्यावर, इतरांचे टॉवेल मांडीवर घेऊन.

पोरं माझ्याशी अदलाबदल करायची नाहीत,
पोरगी म्हणून, आणि खोत म्हणून.
दहा दिलेस तरी नको, म्हणायची.
तरी मी एकही फेकला नाही.
पावडरच्या डब्यात नऊ खोत,
एकावर एक, चहाच्या वासाचे.

मंडळ कधी मोडलं, कळलं नाही.
मैदानावर आता वजनकाटा आहे,
उसाच्या ट्रॉल्या रांगेत उभ्या असतात.

परवा मीटरचा फोटो काढायला माणूस आला.
स्टूल मागितलं, मोबाइल वर धरला,
आणि आकडा नीट येतोय का बघताना
एक पापणी अर्धी मिटली.
मी म्हटलं, थांबा.

त्यानं कार्ड हातात घेऊन
आधी जाहिरात वाचली, पूर्ण, बारदानापर्यंत.
मग उलटं केलं.
म्हणाला, उंची चुकलीय. साडेपाच आहे मी.
म्हणाला, मला एकही मिळालं नव्हतं बघा,
आमच्यात चहा पीत नव्हते.

मी विचारलं, सात नंबर? मुजावर?
तो हसला.
अल्ताफचं छापलंच नाही ओ.
फोटोच्या दिवशी त्याची पाण्याची पाळी होती,
उसात उभा होता गडी.
छापखानेवाला म्हणाला, जागा रिकामी कशी सोडू?
मलाच दोनदा बसवलं.

म्हणजे डबा?
कुणालाच नाही. मगदूमानं आणलेच नव्हते डबे.

स्टूलवरून उतरता उतरता
आपण होऊनच म्हणाला,
एकदा उतरलो होतो. वाळव्याला.
अल्ताफचा घोटा मुरगळला म्हणून.
साडेतीन मिनिटं. एक बोनस काढला.
मग पट्टीतला पाय त्यानं स्वतःच सोडवला
आणि आला परत.

पाणी घेतलं. चहा नको म्हणाला.
एक कार्ड शर्टाच्या खिशात, मोबाइलच्या मागं,
आणि शेजारच्या दाराची कडी वाजवली.

आठ उरलेत.
एकाच्या मागं, सरकी आणि पेंडेच्या मधल्या जागेत
पेन्सिलीनं लिहिलं:
साडेपाच. वाळवा. एक बोनस.
बाकीचे सात तसेच ठेवलेत,
पाच फूट नऊ.